जुनाच लेख, नवी ओळख

संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपी'वरून 'एचटीटीपीएस'वर गेला आणि वाचकांच्या फीड रीडरमध्ये जुने लेख पुन्हा 'न वाचलेले' म्हणून हजर झाले. मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. मग घडले काय?

फीड रीडर लेख ओळखतो तो मुख्यतः त्याच्या ओळखचिन्हावरून. २००२च्या आरएसएस २.० या फीडच्या स्वरूपात त्याला 'जीयूआयडी' म्हणतात, ॲटम या दुसऱ्या स्वरूपात 'आयडी'. तुलना अक्षराला अक्षर लावून होते. पुष्कळदा लेखाचा पत्ताच चिन्ह म्हणून वापरलेला असतो; त्यात एक 'एस' वाढला, की रीडरच्या लेखी तो नवा लेख. घर बदलले म्हणून माणसाचे नाव बदलावे, तसा हा प्रकार.

डिसेंबर २००५मध्ये प्रसिद्ध झालेले ॲटमचे मानक स्पष्ट सांगते: लेख हलवला, पुन्हा प्रकाशित केला, तरी आयडी बदलता कामा नये.

म्हणून स्थलांतर करताना जुनी चिन्हे जशीच्या तशी न्यावीत. त्यातला 'एचटीटीपी' जुनाट दिसतो, पण तो सुधारण्याचा मोह टाळलाच पाहिजे. बदलायचा तो फक्त दुव्याचा पत्ता. नव्या लेखांसाठी 'टॅग यूआरआय' उत्तम. डोमेन, तारीख आणि एक खूण यांतून तो बनतो, पत्त्यावर अवलंबून राहत नाही.

पॉडकास्टमध्ये ही चूक अधिक महाग पडते. तिथे ऐकून झालेले भाग पुन्हा डाउनलोड होऊ शकतात आणि श्रोत्याचा डेटा खर्ची पडतो.