आधी दगड पाहा, मग पितळी पट्टी वाचा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला बीदर-कलबुर्गीचा पट्टा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीतल्या फलकनुमा राजवाड्यातले बिलियर्ड्सचे टेबल आजही नावाजले जाते. ते लंडनच्या बरोज अँड वॉट्स कंपनीचे असून त्याचे जुळे भावंड बकिंगहॅम राजवाड्यात आहे, असे सांगतात. जुन्या टेबलांभोवती अशा कथा असतातच आणि विकत घेणारा क्लब किंवा हौशी माणूस पुष्कळदा त्या कथेचेच पैसे मोजतो. म्हणून टेबल कोणत्या कारखान्याचे, हे ठरवताना कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी सर्वांत शेवटी वाचावी. आधी दगड पाहावा, मग लाकूड.

पट्टी चार स्क्रूंनी बसते आणि चार स्क्रूंनी निघते. कापड झिजले की बदलतात, कडांचे रबर ताठरले की नवे लावतात. बदलायला सर्वांत अवघड असतो तो कापडाखालचा दगड. लाकूड दमट हवेत फुगते आणि वाकते. त्यामुळे लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ मध्ये टेबलाला स्लेटचा, म्हणजे शाळेच्या पाटीचाच, दगड बसवला आणि १८३५ मध्ये कडांना रबर लावले. पूर्ण आकाराच्या टेबलाचे खेळायचे क्षेत्र ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर असते. त्याखाली सहसा पावणेदोन ते दोन इंच जाडीच्या पाच फरश्या सांधलेल्या असतात आणि सारे वजन टनाच्या वर जाते. ते पेलायला आठ पायांची भक्कम चौकट लागते. इंग्लंडच्या पबमधले बार बिलियर्ड्सचे टेबल याहून बरेच लहान, एकाच टोकाकडून खेळायचे. सॅम्स, जेल्क्स, रायली हे त्याचे नामांकित कारखाने. तिथेही नावाआधी पेटीची घडण आणि नाणे टाकून चालणारी वेळेची यंत्रणा तपासणेच शहाणपणाचे.

दगडाची पारख या सीमाभागाला नवी नाही. कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. घोटलेला कडप्पा वरवर पाहता स्लेटसारखा वाटू शकतो. मालकाच्या परवानगीने फरशीच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. चुनखडी लगेच फसफसते, स्लेट बहुधा तशीच राहते. दगड फसफसला, तर तो मागाहून बसवला असावा अशी शंका घ्यावी. मग पाचही फरश्यांची जाडी सारखी आहे का, सांधे जुळतात का, हे पाहावे. शेवटी पट्टीकडे वळावे. तिच्याखालच्या लाकडाचा रंग भोवतालच्या लाकडापेक्षा वेगळा नसेल किंवा शेजारी स्क्रूंची जुनी भोके दिसत असतील, तर ती पट्टी तिथली नसण्याचा संभव मोठा.

यावर कोणी म्हणेल की दगडावर कारखान्याचे नाव नसते; मग तो काय सांगणार? आक्षेप रास्त आहे. एकट्या दगडावरून कारखाना ठरत नाही. पण पट्टीवरचा दावा टिकतो की कोसळतो, हे दगड आणि चौकट मिळून सांगतात. दुसरा आक्षेप असा की टेबल चांगले चालते ना, मग ही उठाठेव कशाला? एक कारण व्यवहाराचे आहे: नावाची जादा किंमत द्यायची असेल, तर ते नाव खरे असले पाहिजे. दुसरे अधिक मोलाचे आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच किताब मिळवला. खेळाडूंची नावे आपण जपतो, मग ज्या टेबलांवर हा खेळ इथे रुजला, त्यांचीही खरी ओळख जपायला हवी.

म्हणून जिमखान्यांच्या आणि क्लबच्या कारभाऱ्यांना एक विनंती. कापड बदलताना दगड उघडा पडतो, ती संधी दवडू नका. फरश्यांची जाडी मोजा, त्यांवरच्या खुणांची आणि पट्टीच्या मागच्या बाजूची छायाचित्रे काढा आणि तारखेसह नोंदवहीत लावून ठेवा. आणि विकत घेणाऱ्याने ही नोंद पाहिल्याशिवाय नावाची किंमत देऊ नये.