धुराडे आणि क्रूस

कारखाना बंद पडला म्हणजे प्रथम त्याचा भोंगा थांबतो, मग धूर थांबतो, आणि मागे उरते ती एक प्रचंड, निरुपयोगी वास्तू. तिचे करावे काय, हा प्रश्न वरवर स्थापत्याचा दिसतो. वस्तुतः तो समाजाच्या स्मरणाचा आहे. ती पाडावी तर ज्या हजारो हातांनी तेथे आयुष्य वेचले त्यांची खूण पुसली जाते. तशीच ठेवावी तर नगराच्या मध्यात गंजलेले लोखंड तेवढे उरते. इटलीतील तुरीन शहरात मोटार-उद्योगाने सोडून दिलेल्या अशाच एका जागेवर चर्च उभे राहिले आहे. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

तुरीन म्हणजे फियाटचे गाव. ही कंपनी १८९९ साली तेथे स्थापन झाली. तिचा लिंगोट्टो येथील पाच मजली कारखाना १९२३ साली सुरू झाला, तेव्हा साऱ्या युरोपात त्याचा बोलबाला झाला. कच्चा माल तळमजल्यावर यावयाचा, मजल्यागणिक मोटार आकार घेत वर चढावयाची आणि शेवटी गच्चीवरील धावपट्टीवर तिची परीक्षा व्हावयाची, अशी तेथील योजना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतील दरिद्री खेड्यांतून कामाच्या शोधात माणसांचे लोंढे येथे आले. १९५१ साली सुमारे सव्वासात लाख असलेली शहराची वस्ती १९७१ पर्यंत साडेअकरा लाखांच्या पुढे गेली. पुढे काळ फिरला. १९८२ साली लिंगोट्टोचे दरवाजे बंद झाले. रेंझो पियानो या वास्तुविशारदाने त्या इमारतीत संगीतगृह, हॉटेल आणि दुकाने यांची सोय केली. काँक्रीटचा सांगाडा भक्कम होता, मजले मोकळे होते. म्हणून वास्तू तगली.

डोरा नदीकाठच्या पोलादाच्या कारखान्याचे मात्र तसे नव्हते. फियाटच्या मोटारींना पोलाद पुरविणारा हा कारखाना. त्याच्या पसाऱ्यासाठी प्रत्यक्ष नदीवरही काँक्रीटचे छत घातले गेले होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी येथील भट्ट्या थंडावल्या आणि त्यांच्या भोवतालच्या मजूरवस्तीचे जणू हृदयच बंद पडले. या परिसरात नवी घरे येऊ लागली, तेव्हा तेथे प्रार्थनेसाठी जागा हवी, असे तुरीनच्या धर्मपीठाने ठरविले. मारियो बोट्टा या स्विस वास्तुविशारदाकडे काम सोपविण्यात आले, आणि ८ डिसेंबर २००६ रोजी ‘सांतो व्होल्टो’ म्हणजे ‘पवित्र मुखमंडल’ या नावाच्या चर्चचे समर्पण झाले.

कारखान्याच्या जुन्या शेडमध्येच चर्च का भरविले नाही, असे कोणी विचारील. कारखान्याची रचना वाहत्या कामाची असते. माल एका टोकाने येतो, दुसऱ्या टोकाने जातो. मध्ये थांबणे हा तेथे दोषच. उलट प्रार्थनेला जमलेल्या माणसांना थांबण्यासाठी एक केंद्र लागते. म्हणून बोट्टा यांनी सप्तकोनी सभागृह कल्पिले आणि त्याभोवती सुमारे ३५ मीटर उंचीचे सात मनोरे उभे केले. या मनोऱ्यांच्या माथ्यांवरून उजेड आत झरतो. वेदीमागील भिंतीवर एकाच जातीच्या दगडाचे लहान तुकडे बसवून, केवळ छाया-प्रकाशाच्या भेदातून एक मुखाकृती साधली आहे. तुरीनमध्ये १५७८ पासून जतन केलेल्या कफनवस्त्रावरील मुखाची ती प्रतिमा होय. जवळ जावे तर नुसते दगड. दूर सरावे तर चेहरा.

कारखान्याचे काय राहिले? त्याचे धुराडे. सुमारे ६० मीटर उंचीचे ते धुराडे पाडले नाही. त्याच्याभोवती पोलादाचे सर्पिल वेटोळे चढविले आणि माथ्यावर क्रूस बसविला. ज्या खांबातून भट्टीचा धूर आकाशात जाई, तोच आज चर्चचा मनोरा झाला आहे. दुरून येणाऱ्याला चर्चची पहिली ओळख पटते ती कामगारांच्या या खुणेवरून.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. ज्यांची रोजी गेली त्यांना धुराड्यावरील क्रूसाने काय दिले? भाकरी दिली नाही, हे खरेच. जतन केलेली खूण ही गेलेल्या कामाची भरपाई नव्हे. तसे कोणी भासवू लागला तर ती शोभेची वस्तू होईल. परंतु खूणही उरली नाही, तर येथे काही घडले होते एवढेही पुढच्या पिढीला कळणार नाही आणि भरपाईचा प्रश्न विचारणाराच उरणार नाही. शेजारच्या डोरा उद्यानातही जुन्या शेडचे उंच पोलादी खांब उभे ठेवले आहेत. त्यांच्या छायेत खेळणारी मुले आपल्या आजोबांना विचारू शकतात, “हे काय होते?”

इंदूर काय किंवा मुंबई काय, गिरण्यांची थंडावलेली धुराडी आपणही पाहिली आहेत. प्रत्येक जागी मंदिर व्हावे असे नाही, आणि प्रत्येक भिंत राखता येईल असेही नाही. पण पाडकाम सुरू होण्यापूर्वी एवढा प्रश्न अवश्य विचारावा: या जागेतील कोणती एक वस्तू येथे राबलेल्या माणसाला लांबून पाहताच ओळखता येईल? तेवढी तरी उभी राहू द्यावी.