माळरानाच्या वाचकाची ग्रंथयादी
(लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात आपण जिल्ह्यातील जुने तलाव आणि बारवा यांचा विचार केला. त्यांच्या काठी पाण्यासाठी येणाऱ्या पशुपक्ष्यांचा उल्लेख तेथे ओघाने झालाच होता. तोच धागा पुढे नेऊन, या प्राणिसृष्टीची ज्यांना ओढ आहे त्यांनी मराठीत काय वाचावे, हा विषय या आठवड्यात घ्यावयाचा आहे. विषय वरवर सोपा. परंतु जालना जिल्ह्यातील वाचकापुरता तो बिकट होतो, कारण निसर्गावरील लोकप्रिय ग्रंथ बहुधा व्याघ्रारण्यांत जन्मलेले असतात, आणि आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कडेचा थोडा मुलूख वगळला, तर अरण्य म्हणावे असे फारसे उरलेले नाही. आपल्या वाट्याला आली आहेत ती गायराने, माळ, कपाशीची नि तुरीची शेते, मोसंबीच्या बागा, पूर्णा, दुधना आणि कुंडलिका यांची उन्हाळ्यात उघडी पडणारी पात्रे, आणि दक्षिण सीमेवरची गोदावरी. तेव्हा ग्रंथाची निवड करताना मी एकच कसोटी लावली आहे : पुस्तक मिटून बांधावर गेल्यानंतर काल न दिसलेले काही आज दिसते की नाही?

या कसोटीस सर्वांत आधी उतरते ते दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने बारा ललित निबंधांतून उलगडले आहेत. तो वाचण्यासाठी कोणत्याही अभयारण्याचा परवाना काढावा लागत नाही. आभाळ, झाडे आणि पाखरे एवढ्या भांडवलावर बाईंनी वर्षाचा सारा जमाखर्च मांडला आहे. शेतकऱ्याच्या घरात पंचांगातील महिने अद्यापि जिवंत आहेत, त्यामुळे हे पुस्तक शहरातील वाचकापेक्षा त्याच्याच अधिक जवळचे ठरावे.

दुसरे नाव व्यंकटेश माडगूळकरांचे. ‘बनगरवाडी’ (1955) ही धनगरांची, मेंढरांची आणि अवर्षणाची कादंबरी. तिचा माणदेश आपल्या माळाचा सख्खा भाऊच आहे. पण प्राणिप्रेमी वाचकाने चुकवू नये अशी त्यांची कृती म्हणजे ‘सत्तांतर’ (1982), जिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीवर परका नर चालून येतो, जुन्या म्होरक्याला हुसकावतो आणि अंगावर पिणाऱ्या पिलांचा जीव घेतो, हे त्यातील कथानक लेखकाच्या कल्पनेची भरारी नव्हे. युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकाने 1960 नंतरच्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात वानरांचे हे वर्तन टिपले, आणि त्यावरून शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. माडगूळकरांनी हे सारे माणसाची नीती मध्ये न आणता सांगितले. देवळाच्या शिखरावर बसलेली वानरांची टोळी आपण नित्य पाहतो. ‘सत्तांतर’ वाचल्यावर तिच्यात म्होरक्या कोण, पोरगेलासा नर कोण, पिलू कोणाच्या पोटाशी आहे, हे डोळे आपोआप शोधू लागतात.

मारुती चितमपल्ली यांच्याविषयी अधिक सावधपणे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. 1932 साली सोलापुरात जन्मलेल्या आणि वनखात्याच्या चाकरीत हयात घालविलेल्या या लेखकाने ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘चकवाचांदण’ यांसारख्या ग्रंथांतून मराठीला वनभाषेचे एक दालनच खुले करून दिले. त्यांचा ‘पक्षीकोश’ तर संग्रही असावा असा आहे. 2025 साली पद्मश्रीचा सन्मान मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवर्तले. त्यांच्या लेखनात प्रत्यक्ष निरीक्षण आणि लोकश्रुती शेजारी शेजारी नांदतात. श्रुतीचा रस श्रुती म्हणून घ्यावा, निरीक्षण मात्र पडताळून पाहावे. दोहोंची गल्लत केल्यास लेखकावरही अन्याय होतो आणि पाखरावरही.

जुन्या वाङ्मयाकडे वळल्यास आपला प्रांत दरिद्री नाही. शेजारच्या पैठणच्या सातवाहनांशी निगडित असलेली हालाची ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठी वाचकांपुढे सटीक ठेवली. गोदाकाठची शेते, हरणे, कावळे, म्हशी आणि पावसाची वाट पाहणारी माणसे त्या गाथांत जागोजागी भेटतात. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आश्रय घेतो, ती लीळा प्रसिद्धच आहे; आणि भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव या महानुभावांच्या तीर्थस्थानाशी वाघाच्या जाळीची कथा परंपरेने जोडली आहे. एके काळी या भागात वाघ होता, याची ही आठवण.

ओळख पटविण्यासाठी सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (1941) हाताशी हवे. त्याआधी सुमारे दहा वर्षे त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि जालना तेव्हा त्याच संस्थानच्या अमलाखाली होते. इंग्लंडच्या गिल्बर्ट व्हाइटने तर सेलबोर्न या एका खेड्याभोवतीच्या निरीक्षणांवर 1789 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही छापला जातो. एका गावाचा परिसर ग्रंथाला पुरतो, हा त्याचा धडा.

तो आपल्याकडेही लागू आहे. वैशाखात वखर चालू असताना टिटवी टाहो फोडीत डोक्यावर घिरट्या घालू लागली, की जवळच उथळ खळग्यात तिची बहुधा चार अंडी असतात; मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, भोवती खडे नि शेळीच्या लेंड्या मांडलेल्या. बैल त्यांवरून जाईपर्यंत ती नजरेस पडत नाहीत. ज्याला ठाऊक आहे तो औत वळवून घेतो.

अर्थात रोह्यांनी नि रानडुकरांनी उभे पीक लोळविल्यावर पंचनाम्यासाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्यास प्राणिप्रेमाचे प्रवचन ऐकविणे हा उद्दामपणा होईल. वर सांगितलेली पुस्तके ते करीत नाहीत, म्हणूनच ती सुचविली.

1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळणारी वाचनालये आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्या कार्यकारी मंडळांनी पुढील खरेदीत एक फळी या विषयासाठी राखून ठेवावी. ज्यांना एकच पुस्तक घेणे परवडते त्यांनी ‘ऋतुचक्र’ घ्यावे, आणि जो महिना चालू असेल त्याच महिन्याच्या लेखापासून वाचनास आरंभ करावा.