नेपियरच्या मुरघासाला मळीची जोड

मक्याचा मुरघास सहज साधतो. संकरित नेपियर किंवा गिनी गवताचा मात्र अनेकदा बिघडतो. चारा मुरवणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू साखरेवर जगतात, आणि उष्ण प्रदेशातल्या या गवतांत विरघळणारी साखर कमी असते. कोवळ्या गवतात पाणीही जास्त असते. आम्लता लवकर वाढली नाही, तर क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात, ब्युटिरिक आम्लाचा घाण वास येतो आणि प्रथिने वाया जातात.

साखरेची ही उणीव बाहेरून भरून काढता येते. 100 किलो हिरव्या कुट्टीला 3 ते 4 किलो मळी थोड्या पाण्यात पातळ करून प्रत्येक थरावर शिंपडावी. चारा फार ओला असेल, तर 5 ते 10 किलो मक्याचा भरडा किंवा गव्हाचा कोंडा मिसळावा; तो जास्तीचे पाणी शोषून घेतो. जिवाणूंचे कल्चर मळीसोबत वापरावे, कारण साखरेविना जिवाणू वाढणार कसे? युरिया या गवतात टाळावा. तो आम्लता वाढू देत नाही.

मात्र मूळ काम नीट झाले, तरच मळीचा उपयोग. कापलेले गवत काही तास सुकवावे, 2 ते 3 सेंटीमीटरची कुट्टी करावी आणि घट्ट दाबून हवाबंद करावी. साधारण 45 दिवसांनी उघडल्यावर आंबटगोड वास, पिवळसर हिरवा रंग आणि 4.2 च्या आसपास सामू असेल, तर मुरघास उत्तम जमला. बुरशी लागलेला भाग जनावरांना कधीही घालू नये.