आरोग्य केंद्रांतील औषध पुरवठा साखळीचे मूल्यमापन : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा बहुधा इमारती, खाटा आणि डॉक्टरांची रिक्त पदे यांभोवती फिरते. औषध रुग्णाच्या हाती कसे पोहोचते, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. वास्तविक डॉक्टर उपस्थित असूनही औषध नसेल, तर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी रुग्णाच्या हाती पडते आणि मोफत सेवेचा अर्थच हरपतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. शुल्क माफ झाले की रुग्णसंख्या वाढते आणि तिच्यासोबत औषधांची गरजही वाढते. म्हणूनच पुरवठा साखळीचे मूल्यमापन कसे करावे, हा विषय महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात बुलडाणा जिल्ह्याची पार्श्वभूमी घेऊन त्याची पद्धत स्पष्ट केली आहे.

पुरवठा साखळीचे स्वरूप

औषधांची निवड, गरजेचा अंदाज, खरेदी, गुणवत्ता तपासणी, साठवण, वितरण आणि प्रत्यक्ष वापर हे या साखळीचे प्रमुख दुवे होत. औषध वरून खाली येते, तर वापराची माहिती खालून वर जाते. यांपैकी कोणताही एक प्रवाह खंडित झाला की दुसराही बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये तयार झाली आणि २०२२ च्या सुधारित यादीत ३८४ औषधांचा समावेश आहे. यादीमुळे निवडीचा प्रश्न सुटतो. मात्र पुढील दुव्यांची हमी मिळत नाही.

खरेदीच्या बाबतीत तामिळनाडूचा दाखला नेहमी दिला जातो. तेथे १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. जिल्हानिहाय गोदामे आणि प्रत्येक संस्थेला तिच्या वाट्याच्या रकमेचे पासबुक ही त्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. संस्था आपल्या गरजेनुसार औषध उचलते आणि त्याची नोंद पासबुकात होते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये एकत्रित खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आले. पुढे २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करण्यात आले. साठ्याच्या नोंदीसाठी प्रगत संगणन विकास केंद्राने विकसित केलेली ‘ई-औषधी’ ही संगणकप्रणाली वापरात आहे.

बुलडाणा जिल्ह्याची पार्श्वभूमी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौ. कि. मी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याचे १३ तालुके घाटावरील व घाटाखालील अशा दोन भागांत ओळखले जातात. मुंबई-हावडा लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र लोहमार्गावर नाही. पूर्णा खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अनेक गोळ्या व औषधे ३० अंशांखाली, तर लसी आणि ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत जळगाव जामोद तालुक्यातील भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या आदिवासी वस्त्या आहेत. तेथे अंतर किलोमीटरपेक्षा पावसाळ्यातील वाटेच्या स्थितीवरून मोजावे लागते.

प्रशासकीय रचनाही लक्षात घेणे आवश्यक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत असतात. एकाच तालुक्यातील एका संस्थेत औषध मुदतबाह्य होण्याच्या मार्गावर असताना दुसरीत त्याच औषधाचा खडखडाट असणे, हे अशा रचनेत संभवते. म्हणून मूल्यमापन दोन्ही प्रवाहांचे एकत्र व्हावयास हवे.

मूल्यमापनाचे निकष

सर्वच औषधांची पाहणी शक्य नसते. त्यामुळे प्रातिनिधिक औषधांची लहान यादी निश्चित केली जाते. या जिल्ह्यासाठी जलसंजीवनी, झिंक, लोहाच्या गोळ्या, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ऑक्सिटोसिन, श्वानदंशाची लस, सर्पविषरोधक लस आणि कीटकनाशकाच्या विषबाधेवरील अॅट्रोपिन यांचा त्यात समावेश असावा. प्रत्येक औषधाबाबत पुढील माहिती घ्यावी :

१. भेटीच्या दिवशी औषध उपलब्ध आहे काय?
२. गेल्या सहा महिन्यांत ते किती दिवस उपलब्ध नव्हते?
३. साठा नोंदवहीतील संख्या व कपाटातील प्रत्यक्ष संख्या जुळते काय?
४. मागणीपत्रातील मागणीपैकी किती औषध मिळाले व किती दिवसांनी?
५. मुदतबाह्य साठा किती? आधी मुदत संपणारे औषध आधी दिले जाते काय?
६. साठवणुकीच्या जागेचे तापमान नोंदविले जाते काय?

यांपैकी पहिलाच निकष सर्वाधिक वापरला जातो, कारण तो सोपा आहे. तथापि त्यावरच विसंबल्यास दोन प्रकारची फसगत होते.

तुटवड्याने झाकलेली मागणी

पुढील मागणी साधारणतः मागील वापरावरून ठरविली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या केंद्रात ९० दिवसांत जलसंजीवनीची १,८०० पाकिटे वाटली गेली, परंतु त्यांपैकी ३० दिवस साठा शून्य होता. नोंदवहीवरून मासिक वापर ६०० दिसतो. प्रत्यक्षात १,८०० पाकिटे ६० दिवसांतच संपली. म्हणजे महिन्याची खरी गरज ९०० आहे. केंद्राने ६०० च्या आधारे मागणी केली, तर पुढील तिमाहीतही तेवढ्याच दिवसांचा तुटवडा ठरलेला. रिकाम्या हाताने परतलेल्या रुग्णाची नोंद कोठेच होत नाही, म्हणून टंचाई स्वतःलाच पुन्हा जन्म देते. यावर उपाय म्हणजे एकूण वापरास साठा असलेल्या दिवसांनी भागून ३० ने गुणणे. शून्य साठ्याच्या दिवसांची नोंद ठेवल्याखेरीज हे गणित मांडता येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ

दुसरी फसगत ‘उपलब्ध’ या शब्दातच आहे. विषारी सर्पदंशाच्या रुग्णास पहिली मात्राच सामान्यतः १० कुप्यांची द्यावी लागते. ज्या केंद्रात चार कुप्या आहेत, ते अहवालात ‘औषध उपलब्ध’ या रकान्यात जाते. प्रत्यक्षात तेथे एकाही रुग्णावर पुरेसे उपचार होऊ शकत नाहीत. खरीप हंगामात कपाशी-सोयाबीनच्या शेतात काम करणाऱ्या मजुरासाठी हा फरक जीवन-मरणाचा आहे. श्वानदंशाची त्वचेत द्यावयाची लस पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. ती चारही दिवशी मिळाली तरच संरक्षण पूर्ण होते. रक्तदाबाच्या रुग्णास महिन्याऐवजी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यास मजुरी बुडवून पुन्हा येण्यापेक्षा तो उपचार सोडून देणे पत्करतो. म्हणून साठा नगांमध्ये न मोजता ‘किती रुग्णांचे पूर्ण उपचार होतील’ या मापाने मोजणे इष्ट होय. सर्पविषरोधक लस आणि अॅट्रोपिन यांच्या बाबतीत सरासरी वापराचे सूत्रही अपुरे पडते. त्यांचा वापर क्वचित होत असला तरी किमान साठा सदैव असलाच पाहिजे आणि तो मृगाच्या पावसापूर्वी दुर्गम केंद्रांत पोहोचला पाहिजे.

निष्कर्ष

औषधांचा तुटवडा हा केवळ निधीचा प्रश्न नाही. तो बऱ्याच अंशी माहितीचाही प्रश्न आहे. संगणकप्रणालीत दिसतो तो साठा भांडारातून बाहेर पडल्याची नोंद असते; रुग्णाला मिळाल्याची खात्री तीवरून होत नाही. त्यामुळे मूल्यमापनाची सुरुवात शेवटच्या दुव्यापासून, म्हणजे उपकेंद्राच्या कपाटापासून व्हावी. शून्य साठ्याच्या दिवसांची नोंद, पूर्ण उपचारांच्या मापाने मोजणी आणि दोन्ही प्रशासकीय प्रवाहांतील साठ्याची आपसांत देवाणघेवाण या तीन बाबींना फारसा खर्च लागत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वाणिज्य, संख्याशास्त्र, भूगोल व औषधनिर्माणशास्त्र विभाग आरोग्य प्रशासनाच्या परवानगीने अशी पाहणी दर सहा महिन्यांनी करू शकतात. साठा व्यवस्थापन हा विषय वर्गात शिकविला जातोच. त्याची उपयुक्तता गावातील आरोग्य केंद्राच्या कपाटासमोर तपासली गेल्यास विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि रुग्णांचे हित दोन्ही साधेल.