ओप्पा आणि उस्ताद

जानेवारी 2015. क्वालालंपूरच्या एका कार्यक्रमात बीवनएफोर या कोरियन बँडच्या पोरांनी मंचावर आलेल्या हिजाबधारी मुलींना मिठ्या मारल्या. व्हिडिओ पसरला, धार्मिक खात्याने चौकशी लावली. उपदेशाचा सूर तेव्हा एकच होता: पोरी वाया गेल्या.

त्याच वर्षी इंडोनेशियात बांडुंगला हनान अत्ताकी यांनी 'पेमुदा हिज्रा' ही तरुणांची चळवळ सुरू केली. हिज्रा म्हणजे हिजरत. तिकडच्या तरुणांच्या बोलीत, जुनं वागणं सोडून धर्माकडे वळणं. अल-अझहर विद्यापीठात शिकलेला हा उस्ताद, म्हणजे धर्मशिक्षक, लोकरी टोपी घालून इन्स्टाग्रामवर यायचा, मिनिटभर बोलायचा, तेही बहुधा प्रेमाबिमाबद्दल. दटावणं नाहीच. मुलींनी त्याला फॉलो केलं, आणि ओप्पाला, म्हणजे लाडक्या कोरियन गायकालाही, सोडलं नाही.

2018च्या डिसेंबरात ठिणगी पडली. ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या बँडच्या आखूड कपड्यांतल्या जाहिरातीविरुद्ध एका आईने ऑनलाइन याचिका काढली, लाखावर सह्या झाल्या, प्रसारण आयोगाने 11 वाहिन्यांना ताकीद दिली. पुढच्या वर्षी प्रवचनकार अब्दुल सोमाद यांचं कोरियन मालिकांवरचं प्रवचन गाजलं. काफिरांवर प्रेम कराल तर त्यांच्यातलेच व्हाल, असा त्याचा रोख. फॅन मुली चिडल्या, थट्टाही केली. काही जणी मात्र खरंच अस्वस्थ झाल्या. नमाज चुकवून कॉन्सर्टच्या तिकिटासाठी ताटकळलेल्या मुलीला हे बोलणं लागणारच.

ही अस्वस्थता नेमकी हेरली फुआध नईम यांनी. ते स्वतः एकेकाळचे के-पॉपवेडे. 2019चं त्यांचं 'पर्नाह तेंग्गलाम' हे पुस्तक, म्हणजे 'कधीकाळी बुडालो होतो', याच वेडाबद्दल. त्यांना बँडची नावं, गाणी, भांडणं सगळं ठाऊक, म्हणून मुली ऐकून घेत. काहींनी भिंतीवरची पोस्टरं उतरवली, अल्बम विकायला काढले. गंमत अशी, की व्हिडिओ पसरवायचा, हॅशटॅग चालवायचा, गट बांधायचा हे कसब त्या फॅन असतानाच शिकल्या होत्या. तेच आता उस्तादांच्या कामी आलं. मला तर वाटतं, प्रवचनकारांनी फॅन्सना जेवढं बदललं, त्याहून फॅन्सनी प्रवचनाला जास्त बदललं.

बाकीच्यांनी आपापली तडजोड केली. अजान झाली की गाणं बंद, नंतर परत चालू.

11 आणि 12 मार्च 2023ला ब्लॅकपिंक जकार्ताच्या स्टेडियममध्ये गायली. रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता. गर्दीत हिजाबातल्या मुलीही होत्या.