रणगाड्यातले विमानाचे इंजिन

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाडा पाहताना त्याची उंची डोळ्यांत भरते. ती सुमारे पावणेतीन मीटर आहे. शत्रूला दुरून दिसेल असा उंच रणगाडा का बनवला असेल?

१९४० च्या सुमारास अमेरिकेकडे रणगाड्यासाठी पुरेसे ताकदवान इंजिन तयार नव्हते. म्हणून सुरुवातीच्या शर्मनमध्ये विमानाचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे ‘अरीय’ इंजिन बसवले. त्याचे ९ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे वर्तुळात असतात आणि मधोमध क्रँकशाफ्ट असतो. म्हणजे शाफ्टची जागाच उंचावर आली. तिथून शक्ती पुढच्या गिअरपेटीकडे नेणारा दांडा सैनिकांच्या पायांखालून जातो, म्हणून सांगाडाही उंच झाला. पुढे इतर इंजिने आली, पण सांगाडा साधारण तसाच राहिला.

एकाच क्रँकवर नऊ दांडे कसे बसतात? एक दांडा मुख्य असतो. त्याचे रुंद टोक क्रँकवर बसते आणि उरलेले आठ दांडे त्या टोकाच्या कडेला खिळींनी जोडलेले असतात. त्यामुळे क्रँकशाफ्ट आखूड व इंजिन हलके होते. विमानात प्रत्येक सिलिंडरला समोरून वारा लागतो, म्हणून थंड करण्यासाठी पाणी लागत नाही. रणगाड्यात मात्र मोठा पंखा लावावा लागला.

सिलिंडर ९ च का, ८ का नाहीत? चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. फळ्यावर वर्तुळ काढून १ ते ९ आकडे मांडा आणि एकाआड एक मोजा : १, ३, ५, ७, ९, २, ४, ६, ८. दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी येते आणि दर ८० अंशांना एक धक्का मिळतो. आता ८ आकड्यांवर मोजून पाहा. १, ३, ५, ७ नंतर पुन्हा १ च येतो. सम आकड्यांची पाळी येतच नाही. त्यांना घ्यायचे तर धक्क्यांमधले अंतर असमान होते. म्हणून एका वर्तुळात सिलिंडर विषम संख्येनेच ठेवतात.

या रचनेत एक धोकाही आहे. इंजिन बराच वेळ बंद राहिले, की तेल पाझरून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही. अशा वेळी स्टार्टरने जोर दिला, तर दांडा वाकतो. म्हणून सैनिक आधी हँडल घालून इंजिन हाताने फिरवत. ते मध्येच अडले, की जोर न लावता खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू देत.